सुली कुणाची

कॅसलरॉकला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, तरी धुकं अजून रुळांवरून उठलं नव्हतं. गाडी पुढं घाटात निघून गेली. ती बोगद्यात शिरेपर्यंत मी तिचा आवाज ऐकत उभी राहिले. मग तो विझला आणि त्याच्याखाली दबलेले बारीकसारीक आवाज वर आले. पानांवरून टपटपणारं दंव, दूर कुठंतरी लाकडावर पडणारा कुऱ्हाडीचा ठोका, स्टेशनामागं कुणीतरी बादली घासत असल्याचा आवाज. हे सगळं मला पाठ होतं. बारा वर्षं इथं पाय ठेवला नव्हता, तरी पाठ होतं.

लोंढ्याहून इथं यायला असा काय वेळ लागतो! पण अप्पा गेल्यावर यायचं कारणच उरलं नाही. परवा आई म्हणाली, "आपल्या लायनीतली क्वार्टरं पाडाय लागल्यात म्हणं. तू तरी जाऊन बघून ये. मला काय आता गाडीची पायरी चढवत न्हाई." आई आता ब्याऐंशीची. माझ्याकडंच असते. तिचा शब्द मोडवला नाही, म्हणून आले.

क्वार्टरं पाडायची राहिलीच नव्हती. स्टेशनापलीकडच्या चढावर आमची ओळ होती, तिथं आता नुसती जोती होती. कौलांचे ढीग, ओली माती, छपरातून उपटलेले काळे वासे. आमचं जोतं मी फणसावरून ओळखलं. चुलीच्या जागी दगड अजून काळा होता. तिथं बसले. वास आला. लाकडी स्लीपरांना लावायच्या काळ्या तेलाचा, ओल्या गोणपाटाचा आणि भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, वाळत घातलेल्या सालींचा. यातलं तिथं काहीच नव्हतं. पण वास आला खरा.

अप्पा रेल्वेत चावीवाला होते. म्हणजे रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी स्लीपरांना घट्ट धरलेले असतात, त्या सैल झाल्या का, निसटल्या का, हे रोज बघत चालायचं. खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, काखेत तांबडा आणि हिरवा बावटा. उजाडताना निघायचे आणि घाटात आपल्या हद्दीपर्यंत उतरून, दुसऱ्या रुळाची तपासणी करत परत वर यायचे. पावसात डोक्यावर गोणपाटाची खोळ. परत आले की अंगणातल्या दगडावर बसून पायाच्या जळवा काढायचे. मिठाची पुडी घेऊन मी शेजारी. एकेक जळू गळून पडायची आणि अप्पा म्हणायचे, "जा बाई, तुझं बी पोट भरलं."

आम्ही ख्रिस्ती. त्या ओळीत आमच्यासारखी मराठी बोलणारी ख्रिस्ती घरं तीन, बाकी गोव्याकडचे गोंयकार, कानडी, कोण कुठले. स्टेशनाच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तीच आमची प्रार्थनेची जागा. दाराशी तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. रविवारी त्यावर बोल्टानं तीन ठोके घातले की उपासना सुरू. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, महिन्यातून एकदा बेळगावच्या गाडीनं यायचे आणि दुसऱ्या दिवशी जीप धरून जोयड्याकडच्या घरांना भेटायला जायचे. बाकीचे तीन रविवार अप्पाच बायबल वाचायचे. अक्षराखाली बोट धरून, हळू, चावी तपासावी तसं. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे. आम्हा पोरांना वाटायचं, पुढचा शब्द अडला. आता वाटतं, मागचा शब्द त्यांना सोडवत नव्हता.

मी त्यांच्या पोटची नव्हे, हे माझ्यापासून कुणी कधी लपवलं नाही. माझा वाढदिवस म्हणजे मी आले तो दिवस. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. त्या दिवशी आई गूळ घालून तांदळाची खीर करायची आणि मी अप्पांना म्हणायचे, "सांगा."

"तू तीन वर्सांची व्हतीस," ते सुरू करायचे. "लाकडाच्या डेपोवर तुझी आई कामाला व्हती. ती तापानं गेली. मग एक दिवस तुझा बा तुला कडेवर घेऊन फलाटावर आला. मला म्हणाला, चार दिवस सांभाळा, वास्कोकडं काम बघून येतो. नाव विचारलं तर तूच म्हणालीस, सुली. त्यानं तुला माझ्या हातात दिली आणि गाडीत बसला."

"मग?"

"मग काय. ते चार दिवस अजून संपायचे हायत."

मी हसायचे. आईही हसायची, पण खीर ढवळता ढवळता, पाठमोरी.

स्टेशनावर येणारं जाणारं कुणीही विचारायचं, "कुणाची गं तू?" आईनं शिकवलं होतं, "चावीवाल्याची म्हणून सांग." अप्पांनी शिकवलं होतं, "देवाची म्हण." मी दोन्ही म्हणायचे. "चावीवाल्याची, देवाची." लोकांना गंमत वाटायची. शेजारच्या गोंयकार बाई हातावर करंजीसारखी नेवरी ठेवायच्या.

पण अप्पांना ती गंमत नव्हती. त्यांच्या मनात ते साधं, रोजच्या कामासारखं होतं. हा डोंगर देवाचा, त्यातली लाईन देवाची, सरकारनं ती बांधली तेही त्याच्याच मर्जीत. आपण राखणीला. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, "पोरीचा बाप्तिस्मा कधी करायचा? नाव नोंदवून टाकू." अप्पा दोन्ही वेळा हात जोडून म्हणाले, "साहेब, ती त्याचीच हाय, त्याला ठाऊक हाय. पण तिचं माणूस उद्या मागायला आलं तर? मोठी झाली की तिची ती सांगंल." पाळकसाहेब हट्टी नव्हते. चहा प्यायले आणि विषय सोडला.

एका श्रावणात वळणावर माती खचून रुळांवर आली. अप्पांनी ती बघितली तेव्हा खालून मालगाडी चढत होती. रुळांवर इशाऱ्याचे फटाके लावत, तांबडा बावटा घेऊन ते त्या पावसात उताराला धावत गेले. गाडी थांबली. संध्याकाळी स्टेशनमास्तर घरी आले, शेजारपाजार जमला, जो तो अप्पांचं कौतुक करू लागला. अप्पा अवघडून म्हणाले, "मी काय केलं? डोंगर त्याचा, पाऊस त्याचा, गाडीतली माणसं त्याची. मी बावटा धरला."

आई आतून म्हणाली, "बावटा धरायला बी हात लागतो. आणि तो हात माझ्या घरचा हाय. जरा शेकून घ्या तो आधी."

ही अशी होती दोघं. अप्पांच्या लेखी सगळं धन्याचं, म्हणजे देवाचं. आईच्या लेखीही धन्याचंच, पण तिनं ते पदरात घट्ट बांधलेलं असायचं.

मी अकरा वर्षांची झाले, त्या वर्षी मेच्या अखेरीस आत्या आली.

दुपारची वेळ होती. दारात एक उंच, काळीसावळी बाई उभी. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायांवर लाल धूळ. ती पायरीवरच बसली. माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. माझ्या भुवया मध्ये जुळलेल्या आहेत. तिच्याही तशाच होत्या.

"ही माझ्या भावाची," ती म्हणाली. "मी हिची आत्या. रामनगरास असते."

अप्पा नुकतेच लाईनीवरून आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "आणि भाऊ?"

"गेला. वास्कोकडंच. आमास्नी कळलं तवा वर्स लोटलं व्हतं. पोर जित्ती हाय, हितं हाय, हे आत्ता कळलं. लाकडाच्या लॉरीवरचा एकजण बोलला." तिनं पिशवीतून एक लहानसा फोटो काढला. त्यातल्या माणसाच्या भुवया जुळलेल्या होत्या. "मला मूलबाळ न्हाई. मालक बी न्हाईत. भावाची येवढीच खूण हाय, अण्णा."

आत कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या. अप्पा कितीतरी वेळ फोटोकडं बघत होते. मग त्यांनी तो अदबीनं परत दिला आणि विचारलं, "कधी न्यायची?"

हे दोन शब्द मी पुढं कित्येक महिने ऐकत होते. कधी न्यायची. नाही म्हणाले नाहीत, विचार करतो म्हणाले नाहीत, भांडले नाहीत. आत्याला बसा म्हणाले, पाणी दिलं आणि विचारलं, कधी न्यायची.

आत्या त्या रात्रीपुरती गोंयकार बाईंकडं उतरली. सांज झाली, आईनं दिवा लावला, आणि रोजच्यासारखे आम्ही तिघं चटईवर बसलो. अप्पांनी पुस्तक उघडलं. आईनं ते हात लांब करून मिटलं.

"आज नगं," ती म्हणाली. "रोज म्हणता, सगळं त्याचं. त्यानं दिलं, तो घेईल. आठ वर्सं मी ऐकलं. आता सांगा मला, घेणाराच हाय तर दिली कशाला?"

अप्पा मिटलेल्या पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"बोला की."

"मला ठाऊक न्हाई," अप्पा म्हणाले. "पर ती बाई खरं बोलतीया. तिची भाची हाय. मी खोटं कसं बोलू? माझी हाय म्हणू?"

"व्हय, म्हणा. एकदा तरी म्हणा!"

त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. मी दोघांकडं बघत होते. देवाची, देवाची म्हणत होते ते म्हणजे असं! देवाची म्हणजे कुणाचीच नाही. फलाटावर ठेवलेल्या ट्रंकेसारखी. मालक आला की उचलून द्यायची.

सकाळी आई बाहेर आली नाही. फडक्यात भाकरी बांधून तिनं ती उंबऱ्यावर ठेवली होती. अप्पांनी मला गाडीत बसवलं, डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले. मी मान फिरवली. गाडी सुटली तेव्हाही मागं बघितलं नाही.

रामनगरचे ते दिवस. आज आठवायला बसले की वाटतं, किती चांगले होते आणि मी ते किती वाईट तोंड करून काढले! आत्याचं घर गावाच्या कडेला, मागं भाताची खाचरं, पुढं दोन म्हशी. शेणानं सारवलेली जमीन इतकी गार की दुपारी गाल टेकून झोपावं. चुलीवर उकडलेल्या कणग्या, म्हणजे रताळ्यासारखे कंद, त्यांची साल सोलताना बोटांना लागणारी माती. म्हशीच्या धारेचा भांड्यात पडणारा आवाज. आधी पातळ, मग भांडं भरत जाईल तसा दाट. आणि संध्याकाळी, वारा तिकडून असला तर, तिनईघाटाच्या, म्हणजे तिथल्या जवळच्या स्टेशनाच्या बाजूनं गाडीची शिट्टी. ती आली की मी कानावर हात ठेवायचे.

आत्या बोलायची कमी. कामाला लावायची, पण जेवायला आधी मला वाढायची. अंगणात तुळशीपुढं ती दिवा लावायची तेव्हा मी दूर खांबाला टेकून उभी. एकदा ती म्हणाली, "तुझं काय म्हणायचं असंल तर तू म्हण. मी कशाला न्हाई म्हणू?"

"मला काही म्हणायचं न्हाई," मी म्हणाले.

"तुमच्यात काय म्हणत्यात सांजच्याला?"

"आम्ही देवाचे, असं म्हणतात."

आत्यानं वात सारखी केली. "आणि ते काय वाईट हाय?"

"देवाची म्हणजे कुणाचीच न्हाई," मी म्हणाले आणि रडायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आत्या जवळ आली नाही. ती तिथंच बसून राहिली, मी रडून होईपर्यंत. मग म्हणाली, "माझा भाऊ तुला फलाटावर देऊन गेला. कुणाच्या हातात देतोय त्याला ठाऊक न्हवतं. मला बी आठ वर्सं ठाऊक न्हवतं. तरी तू उपाशी झोपली न्हाईस, उघड्यावर पडली न्हाईस, शाळा शिकलीस. आमचं कुणाचं ध्यान न्हवतं, तवा कुणाचं तरी व्हतं न्हवं? मला तुमचं काय कळत न्हाई. पर मी येवढं बघते."

ती उठून आत गेली. मी खांबाशीच राहिले. दिव्याची ज्योत हलत होती. आत्यानं आत तांदूळ निवडायला घेतले होते, सुपाचा आवाज येत होता. मला एकदम दिसलं, की मी तीन वर्षांची असताना एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि आता दुसऱ्यातून तिसऱ्यात. मधल्या जागेत, जिथं कुणाचाच हात नव्हता, तिथं मी कधी पडलेच नव्हते. अकरा वर्षांच्या मुलीला हे असं शब्दांत कळलं नसेल. पण हाताला गार वाटणारा तो खांब सोडून मी आत गेले, आत्याच्या शेजारी बसले, आणि अप्पा करायचे ती छोटी प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. त्यानंतर शिट्टी आली की कानावर हात जाईनासा झाला.

पाऊस सरला. भातं पिवळी झाली, कापली, झोडली. नाताळ जवळ आला तशी आत्या म्हणाली, "चल, तुझ्या माणसांस्नी नवं तांदूळ देऊन येऊ. तुमचा सण हाय न्हवं?"

आम्ही गाडीनं आलो. चढावरून मला घर दिसलं आणि मी पळत सुटले. आईनं मला असं आवळलं की श्वास कोंडला. तिच्या अंगाला धुराचा आणि खोबरेलाचा वास. अप्पा अंगणात उभे होते. ते पुढं आले नाहीत. त्यांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं मान हलवली, तेव्हा कुठं त्यांनी हात पसरले.

आत्यानं ते बघितलं. तांदळाची पिशवी खाली ठेवून ती पायरीवर बसली, पहिल्या दिवशी बसली होती तिथंच.

"अण्णा, येवढ्या महिन्यांत एकदा बी आला न्हाईसा?"

"आलो असतो तर मागितली असती," अप्पा म्हणाले. "तोंडानं न्हाई तर डोळ्यानं. ते बरं दिसलं नसतं."

"आणि वाटलं न्हाई काय?"

आईच बोलली, "काय विचारता अक्का! गाडी आली की जाऊन गार्डाला विचारायचे, तिनईला पाऊस किती हाय. रोज! पाऊस थांबला तरी विचारायचे. तो गार्ड हसायला लागला शेवटी."

आत्या हसली नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"त्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं आलते," ती सावकाश म्हणाली. "वाटेत सगळं बोलणं जुळवलं व्हतं. तुमी 'कधी न्यायची' म्हणालासा आणि माझं सगळं बोलणं वाया गेलं. घरी जाऊन मला झोप न्हाई. असा कसा ह्यो माणूस? माया न्हाई म्हणावं, तर पोरीच्या अंगावर मायेची खूण दिसतीया. अशी कशी दिली?"

"ती माझी न्हवतीच, अक्का," अप्पा म्हणाले. "धन्याची. त्यानं माझ्या हातात ठेवली व्हती, मग तुमच्या ठेवली. मी मूठ मिटली असती तर तिचीच बोटं दुखली असती."

फणसावर कावळा येऊन बसला, उडाला.

"मग माझी बी न्हाई म्हणायची," आत्या म्हणाली.

"तसं न्हाई..."

"तसंच हाय. मला कळतंय." तिनं माझ्याकडं बघितलं. "सुले, तुझी शाळा हितली बरी का तितली?"

मी आईकडं बघितलं, मग आत्याकडं. दोन्हीकडं तेच डोळे. मी खरं ते सांगितलं. "शाळा हितली. म्हशी तितल्या."

आई आधी हसली, मग आत्या, मग दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. आत्या म्हणाली, "बरं तर. शाळा चालू असंल तवर हितं. सुट्टी लागली की माझ्याकडं. दिवाळीला माझ्याकडं, नाताळाला हितं. आणि मधी मला वाटलं तर मी येणार, विचारणार न्हाई."

"विचारायचं कशाला," आई म्हणाली. "घर हाय तुमचं. आत या आधी. आजवर पायरीच्या वर चढला न्हाईसा."

त्या दिवशी आत्या उंबरा ओलांडून आत आली.

त्यानंतरची वर्षं माझ्या आठवणीत एकाच लांब दुपारीसारखी पसरलेली आहेत. कॅसलरॉकहून रामनगर, रामनगरहून कॅसलरॉक. एका पिशवीत वह्या, दुसरीत लोणच्याची बरणी. कुणी "कुणाची गं तू?" म्हणून विचारलं तर सांगायला मला आता फार वेळ लागायचा.

एकोणीस वर्षांची झाले तेव्हा मी होऊन पाळकसाहेबांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. ओढ्याच्या डोहात झाला. पाणी बर्फासारखं. अप्पा काठावर कोट घालून उभे, आई त्यांच्या शेजारी. पाळकसाहेबांनी विचारलं, "हिला विश्वासात सांभाळायला हिच्याबरोबर कोण उभं राहतं?" अप्पा तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला, "मी हाय की!" आत्या. हातात माझ्यासाठी कोरडं लुगडं. सगळे बघायला लागले. पाळकसाहेब क्षणभर गोंधळले, मग हसून म्हणाले, "या बाई, पुढं या." आत्या चपला काढून पुढं आली आणि मी पाण्यातून निघाले तेव्हा सगळ्यांत आधी तिनंच मला लुगड्यात गुंडाळलं. तिनं तिची तुळस कधी सोडली नाही, कुणी तिला सोड म्हटलंही नाही.

पुढं मी नंदिगड्ड्याच्या बाजूला एका शाळेत मास्तरीण झाले. जंगलातून चालत येणारी कुणब्यांची पोरं, त्यांच्या डब्यातल्या नाचणीच्या भाकरी, पाटीवरचा ओल्या फडक्याचा वास. तेवीस वर्षं. आत्या झोपेत गेली, भात कापणीच्या दिवसांत. अप्पा निवृत्तीनंतर कॅसलरॉकलाच खोली घेऊन कितीतरी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत सकाळी उठून रुळापर्यंत एक चक्कर मारून यायचे. जाताना त्यांनी माझा हात धरला होता, सैल, अगदी सैल.

जोत्यावर बसून मला हे सगळं आठवत होतं आणि धुकं कधी उठलं ते कळलं नाही. ऊन आलं. प्रार्थनेची खोली बघून आले. ती शाबूत आहे, पत्रे नवे आहेत, आत कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. मी जरा वेळ बाकावर बसले. काही मागावंसं वाटलं नाही. दुपारच्या गाडीनं लोंढ्याला परत आले.

आई पडवीत वाट बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. जोती, फणस, नवे पत्रे. ती मान हलवत ऐकत होती. मग मी सहज म्हणाले, "त्या वर्षी तुम्ही दोघं एकदाही रामनगरला आला नाहीत. मला तेव्हा फार राग आला होता."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते आले न्हाईत," ती म्हणाली. "मी आलते."

"तू आली होतीस?" मी विचारलं.

"तीनदा. त्यांस्नी सांगितलं न्हाई. बाजाराला जाते म्हणून निघायची. पहिल्यांदा आले तवा तू तळ्यात व्हतीस, रेडकाच्या पाठीवर. वरडत व्हतीस, हसत व्हतीस, केसात शेवाळ. काठावर तुझी आत्या उभी, तुझ्याएवढंच हसत व्हती. मी बाभळीच्या आड थांबले. पिशवीत तुझ्यासाठी तिळाचे लाडू व्हते. हाक मारू मारू म्हणत राहिले, आणि न्हाई मारली. लाडू बसस्टँडवरच्या पोरांस्नी वाटले." ती थांबली. "बसमधी बसले आणि म्हटलं, देवा, मी नसताना बी ती हसतीया. मग तू हाईस तितं. त्या दिवसापासनं माझं त्याच्याशी भांडण मिटलं."

"मग उरलेल्या दोन वेळा कशाला आलीस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी फारच खुळ्यासारखं काहीतरी विचारलं होतं.

"तो धनी हाय ते खरं," ती म्हणाली. "पर त्या धन्यानंच मला आई केली न्हवं? बघायला जायला नगं?"

आणि मग, मी अजून तशीच बसलेली बघून, तिनं हात लांब करून माझ्या केसांत अडकलेलं फणसाचं वाळकं पान काढलं, आणि भात टाकायला उठ म्हणाली.